काम माणसाच्या मापाचं हवं

माझ्या पिशवीत कपडे शिवणाऱ्यांकडे असते तसली मोजपट्टी कायम असते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि दवाखान्याइतकाच माझा वेळ लोकांच्या ऑफिसांत जातो. तिथे गेले की आधी पट्टी बाहेर निघते. समोरच्याला त्याच्या रोजच्या खुर्चीत बसवायचं, पावलं जमिनीवर पूर्ण टेकवायची, हात अंगालगत सोडून कोपरात काटकोन करायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. मग टेबलाची उंची मोजायची. हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले, की निम्मं निदान झालेलं असतं.

हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी मानेच्या दुखण्यासाठी माझ्याकडे येत होती. उंची जेमतेम पाच फूट. दुपारपासून तिचा उजवा खांदा भरून यायचा, रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. एमआरआय काढून झाला होता. त्यात किरकोळ बदलांपलीकडे काही नव्हतं, पण ‘मणक्यात गॅप आहे’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे ती धास्तावली होती आणि मानेला पट्टा लावून कामावर जात होती. मी तिच्या ऑफिसात जाऊन मापं घेतली. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, म्हणजे नेहमीचं अडीच फुटी. तिचं कोपर ६१ सेंटिमीटरवर. मधला फरक साडेपाच इंचांचा. तेवढ्या उंचीवरच्या कीबोर्डपर्यंत हात न्यायचे, तर खांदे उचलून धरण्यावाचून गत्यंतर नाही. ती ते रोज आठ-नऊ तास करत होती.

आम्ही खुर्ची वर घेतली. हात कीबोर्डच्या पातळीला आले, पण पाय लोंबकळायला लागले. पाय अधांतरी राहिले की खुर्चीची कड मांडीखाली रुतते, पावलांना मुंग्या येतात, आणि पाय टेकवण्यासाठी माणूस नकळत पुढे सरकून बसतो. मग पाठीचा टेका सुटतो. ऑफिसबॉय झेरॉक्सच्या कागदाच्या तीन न फोडलेल्या रिम घेऊन आला. एक रिम साधारण दोन इंचांची, म्हणजे माप बरोबर होतं. पण ती म्हणाली, ‘‘नको दादा, कागदावर पाय कसा ठेवू?’’ मग स्टोअरमधून एक मजबूत लाकडी खोकं आलं. त्या रिम मॉनिटरखाली गेल्या, कारण पडदाही तिच्या नजरेपेक्षा बराच खाली होता. सोबत खांद्याचे व्यायाम सुरू केले. काही आठवड्यांत मानेचा पट्टा सुटला.

तिच्या शरीरात मोठा बिघाड नव्हता. तिला बसवलं होतं ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची होती. काम, कामाची साधनं आणि कामाचे तास माणसाच्या शरीराला आणि मनाला मानवतील असे जुळवून घ्यायचे, माणसाला त्यांच्यात कोंबायचं नाही, एवढंच एर्गोनॉमिक्स हे शास्त्र सांगतं. ते महागड्या खुर्च्यांचं शास्त्र आहे, हा समज मला पुसून टाकायचा आहे.

बैठ्या कामाचं जुनं दुखणं

हे दुखणं कॉम्प्युटरबरोबर आलेलं नाही. इटलीतले वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. व्यवसायजन्य आजारांच्या वैद्यकाचा तो पाया मानला जातो. रुग्णाला त्याचा धंदा विचारावा, हा आग्रह त्यांनी धरला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर, म्हणजे कारकुनांवर लिहिलं आणि त्यांच्या दुखण्याची तीन कारणं दिली : सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल, आणि हिशोब चुकू नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षं उलटून गेली, तरी या यादीतलं एकही कारण मला वगळता येत नाही. तिसरं कारण तर विशेष महत्त्वाचं. कारकुनाचा खांदा आणि कारकुनाचं मन यांची एकत्र दखल रामाझ्झिनींनी तेव्हाच घेतली होती.

आपल्याकडचा कारकून गादीवर बसून, एक गुडघा उभा करून किंवा उतरत्या डेस्कवर कागद ठेवून बोरूने लिहायचा. त्या उताराचा फायदा असा, की कागद डोळ्यांच्या जवळ येतो आणि मान कमी वाकते. आज आपण नेमकं उलट करतो. सपाट टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याच्यावर ओणवे होतो.

मापं कुणाची?

टेबल अडीच फुटीच का असतं? कारण कारखान्यात सगळी टेबलं एकाच मापाची निघतात. ते माप उंच पुरुषाला सोयीचं असतं. बाकीच्यांनी त्यात भागवून घ्यायचं. भारतीय शरीरांची मापं उपलब्ध नाहीत, अशीही सबब देता येत नाही. देबकुमार चक्रबर्ती यांनी भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांचं संकलन केलं, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ते १९९७ मध्ये पुस्तकरूपात प्रसिद्ध केलं. मुंबईच्या पवई आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे. ज्ञान आपल्याकडे आहे. फर्निचर खरेदीच्या टेंडरमध्ये ते उतरत नाही, ही अडचण आहे.

एसीच्या तापमानाचीही तीच गत. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की इमारतींतल्या तापमानाचे रूढ निकष १९६० च्या दशकात चाळिशीतल्या, सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाची शरीरक्रिया गृहीत धरून ठरवले गेले. त्यामुळे स्त्रियांना ऑफिस थंड वाटतं. ओढणी खांद्यांभोवती घट्ट लपेटून, आखडून बसलेल्या किती तरी जणी मी रोज पाहते. आखडलेलं शरीर लवकर दुखतं.

बसणं आणि बसून राहणं

लंडनच्या डबल डेकर बसगाड्यांवर झालेला एक अभ्यास मी प्रत्येक कार्यशाळेत सांगते. बेस्टच्या डबल डेकरमध्ये बसलेल्या माणसाला तो लगेच डोळ्यांसमोर आणता येतो. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. एकाच गाडीवर दोन माणसं. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्यावरून वर-खाली. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये स्पष्टपणे जास्त निघालं. पुढे असे अनेक अभ्यास झाले आणि दीर्घकाळ बसून राहणं हृदयाला घातक आहे, हे पक्कं होत गेलं.

पाठीचं गणित थोडं वेगळं. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या गादीत बारीक सुई घालून दाब मोजला. पुढे वाकून, पाठीला टेका न देता बसलं की तो दाब बराच वाढतो. पाठ टेकून किंचित मागे रेललं की कमी होतो. म्हणून ‘ताठ बस’ हा लहानपणापासून ऐकलेला उपदेश दिवसभराच्या कामाला पुरत नाही. पाठ शंभर ते एकशेदहा अंशांत मागे रेललेली, कमरेच्या खळगीला आधार, आणि खुर्चीची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांची फट, अशी बैठक बरी. खळगीला आधार नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते.

तरीही सगळ्यात उत्तम बैठक कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : पुढची. अर्ध्या तासापूर्वी होती त्यापेक्षा वेगळी. स्नायूला रक्त मिळतं ते आकुंचन-प्रसरणातून. तो एकाच स्थितीत ताणून धरला, की त्याच्यातला रक्तप्रवाह मंदावतो आणि तो दुखू लागतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ॲलन हेज यांनी अर्ध्या तासाचं सोपं सूत्र दिलं आहे : २० मिनिटं बसून काम, ८ मिनिटं उभं राहून आणि २ मिनिटं हालचाल. उभं राहून काम करायची सोय नसेल, तर फोन उभ्याने घ्या, पाण्याची बाटली हाताशी न ठेवता कूलरपर्यंत चालत जा, शेजारच्या विभागाला मेल पाठवण्याऐवजी उठून जाऊन बोला.

दिवसभर उभं राहणं हा मात्र यावरचा इलाज नाही. दुकानांतून दहा-दहा तास उभं राहणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांतल्या फुगलेल्या नसा बघा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायचा हक्क दिला, तो याचसाठी. एकाला उठता आलं पाहिजे, दुसरीला बसता आलं पाहिजे.

संध्याकाळच्या चालण्याचाही हिशोब सांगते. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या विश्लेषणानुसार, रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांना त्यातून वाढणारा अकाली मृत्यूचा धोका भरून काढायला रोज साठ ते पंच्याहत्तर मिनिटांचा मध्यम व्यायाम लागतो. झपाझप चालणं त्यात आलं. एवढा वेळ सगळ्यांना मिळत नाही, म्हणून दिवसात मधूनमधून उठणं जास्त महत्त्वाचं.

मान, डोळे आणि बोटं

डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावर हिशोब मांडला. मान १५ अंश वाकली की मणक्यांवरचा भार १२ किलोंच्या आसपास जातो, ६० अंशांवर तो २७ किलोंपर्यंत पोचतो. मोबाइल मांडीवर धरून बघतो तेव्हा आपण या साठ अंशांच्या जवळपास असतो.

म्हणून मॉनिटर हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, हा नियम. पण नियम माणूस बघून लावायचा असतो. पंचेचाळिशी उलटलेल्यांना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असतो. जवळचं दिसायचा नंबर काचेच्या खालच्या भागात. नियमाप्रमाणे उंच ठेवलेला पडदा वाचायला ही मंडळी हनुवटी वर करतात आणि मान मागे मोडून दिवसभर बसतात. एका शासकीय कार्यालयातले निवृत्तीला आलेले अधीक्षक असेच बसायचे आणि डोकं मागून ठणकतं म्हणून बीपीच्या तपासण्या करत होते. बीपी ठीक होता. त्यांचा मॉनिटर आम्ही खाली आणला, वरचा भाग थोडा मागे कलवला, आणि फक्त कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यायला सांगितलं.

डोळे चुरचुरतात, कारण पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटवायला विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी उघडझाप निम्म्याहून खाली येते, वर एसीचा झोत थेट चेहऱ्यावर. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा आणि मुद्दाम चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. खिडकी पडद्याच्या मागे किंवा पाठीशी नको, बाजूला हवी.

हाताला मुंग्या येतात म्हणून कुणी आलं, की मी आधी ‘कुठल्या बोटांना?’ असं विचारते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता. कीबोर्डचे मागचे पाय उघडून ठेवले असतील, तर मनगट वर मोडतं. ते पाय मिटवून टाकावेत. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणातही ही नस दबते, म्हणून तपासणी करून घ्यावी. करंगळी बधिर होत असेल, तर बहुतेक वेळा कोपर टेबलाच्या कडक कडेवर टेकवून बसण्याची सवय निघते. आणि मानेपासून हातभर कळ जात असेल, तर मूळ मानेत शोधायचं. पायातली ताकद कमी होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा झोपेतून उठवणारं दुखणं तापासोबत असेल, तर खुर्ची बदलत बसू नका, तडक डॉक्टरांकडे जा.

लॅपटॉपबद्दल स्पष्टच सांगते. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. पडदा बरोबर उंचीवर आणला तर हात चुकतात, हात बरोबर ठेवले तर मान चुकते. तासन्‌तास काम करण्यासाठी तो बनलेलाच नाही. २०२० नंतर घरोघरी दिवाणावर, पलंगावर, जेवणाच्या टेबलावर ऑफिसं थाटली गेली आणि माझ्या दवाखान्यात तिशीच्या आतली पाठदुखी वाढली. उपाय साधा आहे. जुन्या दिवाळी अंकांची चळत करून लॅपटॉप वर उचला, आणि वेगळा कीबोर्ड-माउस जोडा. दोन्ही मिळून काही शे रुपयांत येतात.

खांद्याला कळत नाही

इथपर्यंतचं सगळं केलं, तरी काहींचं दुखणं जात नाही. टेबल मापाचं, खुर्ची उत्तम, पडदा जागेवर आणि तरीही खांदे दगडासारखे. याचं उत्तर स्वीडनमधल्या संशोधनात मिळालं. योरान हेग यांनी १९९१ मध्ये एक उपपत्ती मांडली. स्नायूतले काही बारीक तंतू अगदी हलक्या कामालाही सगळ्यात आधी जुंपले जातात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत त्यांची सुटका होत नाही. एकत्र कुटुंबातली थोरली सून सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या शेवटी पाठ टेकते, तसं त्यांचं आहे. माउस हलवणं हे काम हलकंच, पण या तंतूंना दिवसभर उसंत मिळत नाही.

त्यानंतर स्टॉकहोमचे मानसशास्त्रज्ञ उल्फ लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या मान-खांद्याच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून त्यांना मनावर ताण आणणारी बौद्धिक कामं दिली. हात स्थिर होते, वजन काही उचललेलं नव्हतं, तरीही स्नायू ताठला. आणि शारीरिक कामात जे तंतू जागे होतात, तेच मानसिक ताणातही जागे होत असल्याचं दिसलं.

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खांद्याला कीबोर्डची उंची आणि साहेबांच्या मेलमधला तिखट शब्द यांतला फरक कळत नाही. तो दोन्हींना ताठ होऊनच उत्तर देतो. जेवणाच्या सुट्टीत माउसवरचा हात सुटतो, पण ‘सायंकाळपर्यंत रिपोर्ट हवा’ हे डोक्यातून जात नाही, आणि त्या तंतूंची सुटका होत नाही. म्हणून शरीराचं एर्गोनॉमिक्स आणि मनाचं एर्गोनॉमिक्स असे दोन विभाग करून चालत नाही.

मनावर नेमका कशाचा भार येतो, हे लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी उलगडलं. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली त्यातला दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला आणि दहा हजारांहून अधिक कर्मचारी त्यात होते. मोठ्या जबाबदारीचा वरिष्ठ अधिकारी जास्त आजारी पडत असेल, असं आपल्याला वाटतं. आढळलं उलटं. हुद्दा जितका खालचा, तितका हृदयविकार जास्त. त्यामागच्या कारणांत एक ठळकपणे पुढे आलं : आपलं काम कसं आणि कोणत्या क्रमाने करायचं, यावर माणसाचा किती ताबा आहे. काम भरपूर आणि ताबा शून्य, ही जोडी माणसाला पोखरते.

तासांचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयविकाराने मृत्यू होण्याचा १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात अशा लांबलेल्या तासांमुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. घरी गेल्यावरही ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला ‘नोटेड सर’ लिहावं लागत असेल, तर तो वेळही कामाच्याच तासांत धरायला हवा. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

एका कॉल सेंटरमध्ये मी डोकेदुखीच्या तक्रारींसाठी गेले होते. तिथल्या मुली पाणीच पीत नव्हत्या. स्वच्छतागृहात गेलेली मिनिटं स्क्रीनवर मोजली जात आणि महिन्याच्या शेवटी त्यांचा हिशोब निघे. लघवी तुंबवून बसायचं नाही, म्हणून पाणी टाळायचं. डोकेदुखी, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि धास्ती ही तिन्ही दुखणी त्या एका नियमातून आली होती. तिथे मी खुर्च्यांना हातही लावला नाही. तो नियम काढायला लावला.

कुणी विचारलं नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर बाईंच्या कमरेचं दुखणं बघायला मी गेले. काउंटर उभ्या ग्राहकाच्या सोयीने साडेतीन फूट उंच. बाई उंच, बिनपाठीच्या स्टुलावर. नोटा मोजायचं मशिन डावीकडे, जवळजवळ खांद्यामागे. कॉम्प्युटर उजवीकडे. गल्ला पोटाशी. ग्राहकाने स्लिप आणि पैसे दिले, की डावीकडे कमरेत वळून नोटा मशिनमध्ये, मग उजवीकडे पूर्ण वळून नोंद, मग समोर येऊन शिक्का. माणसामागे दोनदा पीळ. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत जायची.

मी मोजमाप करत असतानाच त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे मशिन इथं गल्ल्याच्या वर आलं आणि कॉम्प्युटर त्याच्या शेजारी, तर मला वळायलाच लागणार नाही. पण लाइटचा बोर्ड तिकडं आहे ना.’’ उपाय त्यांच्याकडे तयार होता. वायरमनला बोलावून प्लगचा पॉइंट हलवला. पाठ आणि पाय ठेवायला कडी असलेलं स्टूल आणवलं. शाखाधिकारी म्हणाले, ‘‘बाई, हे आधी का नाही बोललात?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कुणी विचारलं नाही, साहेब.’’

त्यांची कंबर सुधारली, पण मला त्याहून मोठा वाटला तो त्यांच्या बोलण्यातला बदल. पुढच्या खेपेला त्यांनी ग्राहकांसाठी टोकन लावायची सूचना स्वतःहून केली होती आणि ती अमलात आली होती. आपल्या कामाची मांडणी आपल्याला बदलता येते, हा अनुभव औषधासारखा लागू पडतो. व्हाइटहॉलच्या अभ्यासात ज्याला कामावरचा ताबा म्हटलं आहे, तो व्यवहारात इतका साधा असतो.

उत्पादकतेचं काय?

कर्मचारी उठून फिरायला लागले तर काम कोण करणार, असं मला साहेब लोक विचारतात. अमेरिकेत डेटा एंट्री करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर याची प्रत्यक्ष चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज ज्या तासांत सुट्टी नसे, त्या तासांत पाच मिनिटांची जादा विश्रांती दिली. अंगदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी झाला, आणि काम घटलं नाही. डेन्मार्कमध्ये २०११ मध्ये ऑफिस कर्मचाऱ्यांना रबरी पट्ट्याने खांद्याचा व्यायाम दिला. दहा आठवड्यांनी दिसलं, की रोज दोन मिनिटं करणाऱ्यांचंही मान-खांद्याचं दुखणं कमी झालं होतं. दोन मिनिटं नाहीत, असं ऑफिस मला अजून भेटायचं आहे.

युरोपीय समुदायाने १९९० मध्येच नियम केला, की पडद्यासमोर काम करणाऱ्या प्रत्येकाची जागा मालकाने तपासून घ्यावी, डोळे तपासण्याची सोय करावी आणि कामात खंड पडेल अशी आखणी करावी. ब्रिटनने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमावली आणली. आपल्या ऑफिसांत अशी तपासणी बहुधा माणूस रजेवर गेल्यावर होते.

वाचकहो, तुम्ही दिवसभर बसून काम करत असाल, तर उद्या तीन गोष्टी करा. खुर्ची कोपराच्या मापाने लावा आणि पाय अधांतरी राहिले तर खाली खोकं घ्या. पडदा आपल्या मानेला आणि चष्म्याला मानवेल अशा उंचीवर आणा. दर अर्ध्या तासाने उठा, त्यासाठी कुणाची परवानगी मागू नका. दुखणं अंगावर काढणं म्हणजे कामावरची निष्ठा नव्हे.

आणि तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर माझी कळकळीची विनंती आहे. एकदा प्रत्येकाच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा : काय दुखतं, कधी दुखतं, या मांडणीत काय बदलावंसं वाटतं, आणि कुठल्या नियमाची भीती वाटते? उत्तर लिहून घ्या. नव्या खुर्च्यांची ऑर्डर त्यानंतर द्या. पुष्कळदा ती द्यावीच लागणार नाही, एखादा प्लग पॉइंट हलवून किंवा एखादा नियम काढून काम होईल.